सर, जाळा की!

ढाब्यावर शेवभाजी मागवली की भाजीच्या आधी स्टीलची एक वाटी येते. तिच्यात तांबडं-काळं, ओबडधोबड असं काहीतरी असतं, वर तेलाचा तवंग. टमाट्याचा ठेचा. पहिल्या दिवशी मी शेवभाजी निवू दिली आणि दोन भाकरी त्या वाटीवरच संपवल्या.

बदली होऊन मी आखाडा बाळापूरला आलो. नांदेडहून हिंगोलीला जाताना लागतं ते. (अकोला जिल्ह्यातलं किल्ल्याचं बाळापूर वेगळं, माझं एक पार्सल तिकडे फिरून आलेलं आहे.) आमच्याकडे ठेचा म्हणजे हिरव्या मिरचीचा, दुसरा माहीत नव्हता. स्वयंपाकातली माझी मजल चहा आणि आमलेटापर्यंत. तरी दोन महिने रोज ढाबा परवडेना, तेव्हा ठरवलं, हा ठेचा खोलीवर करायचा.

आचारीमामांना विचारलं, काय काय घालता?

"टमाटे, मिरच्या, लसूण, मीठ, तेल."

"किती किती?"

"लागतंय तेवढं."

पाव किलो टोमॅटो, सहा मिरच्या, अर्धी गड्डी लसूण आणि चमचाभर मीठ, सगळं कच्चंच मिक्सरमध्ये घालून फिरवलं. झाकण काढलं तर आत गुलाबी फेस. चवीला कच्चा लसूण एवढा झणझणीत, की दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकली. लसणाचं हे गणित मला नंतर कळलं. अख्ख्या पाकळीत तो उग्रपणा नसतोच. ती चिरडली की आतल्या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येऊन तो तयार होतो. पाकळी आधी सालीसकट भाजली तर त्यातली एक गोष्ट उष्णतेनं निकामी होते, मग कितीही ठेचा, लसूण गोडसरच राहतो.

दुसऱ्या खेपेला घरमालकीण मावशींकडून दगडी खलबत्ता आणला. टोमॅटो नॉनस्टिक तव्यावर ठेवले, आणि जरा डाग पडला की लगेच उचलले. करपलं म्हणजे बिघडलं, हे आईच्या ओरड्यातून शिकलेलं एकमेव पाकशास्त्र. मीठ सुरुवातीलाच टाकलं, टोमॅटोला पाणी सुटलं आणि सार तयार झालं.

ते डब्यात घालून मामांकडे नेलं. त्यांनी डबा नुसता तिरका केला.

"टमाटे जाळलेच न्हाईत तुम्ही."

"भाजले की."

"भाजू नका. सर, जाळा की!"

मग मला मागच्या बाजूला चुलीपाशी नेलं. टोमॅटो थेट निखाऱ्यावर, लसणाची गड्डी अख्खी राखेत, मिरच्या कडेला. साल कोळशासारखी झाली, रस चरचरत विस्तवावर गळायला लागला, माझा जीव वरखाली होत होता आणि मामा तंबाखू मळत होते. साल त्यांनी अर्धीमुर्धीच काढली. मीठ ठेचून झाल्यावर. शेवटी कडकडीत करडईचं तेल. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून तो तवंग नुसता दिसायला नसतो, तिखट सगळीकडे तोच पोचवतो.

पुण्याच्या मित्राला फोटो पाठवला तर म्हणाला, ही तर मेक्सिकन साल्सा. मला आधी राग आला. पण खरंच, तिकडेही टोमॅटो, मिरची, लसूण काळे होईपर्यंत भाजतात आणि मोलकाहेते नावाच्या तीन पायांच्या दगडी खलात ठेचतात. तो दगडही आपल्यासारखाच, काळा बेसाल्ट. मिरची आणि टोमॅटो दोन्ही मूळचे त्याच मुलखाकडचे, पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे रुजलेले. करडईच्या तेलाचं मात्र मित्राला काही सांगता आलं नाही.

तिसऱ्या खेपेला गॅसवर पापड भाजायची जाळी ठेवली आणि डोळे मिटून जाळलं. सगळीकडे मिरचीचा खाट पसरला. मावशी पदर नाकाला लावून दारात आल्या, "कुणाची दृष्ट काढायलाव, सर?" दृष्ट लागलेली असेल तर मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. इथे अख्खा वाडा खोकत होता, म्हणजे गावात कुणाला कुणाची दृष्ट नव्हती. त्याच हातानं मी डोळा पुसला. पाण्यानं धुऊन हातांची आग जाईना, शेवटी गोडंतेल चोळलं.

रंग मात्र जमला. तांबडा-काळा, अगदी त्या वाटीतला. मी दर दोन मिनिटांनी चाखत होतो. पाचव्या-सहाव्या वेळेला जिभेला काही कळेनासं झालं. वरून कडकडीत तेल ओतलं आणि गरम डबा घेऊन थेट ढाब्यावर गेलो.

मामांनी भाकरीचा तुकडा बुडवला. चावला. गिऱ्हाईकं सोडून माझ्याकडे बघितलं.

"जाळलाव बरोबर," ते म्हणाले, आणि गल्ल्याशेजारची मिठाची बरणी माझ्याकडे सरकवली.