हलतंय की

भायखळा स्टेशनवर नुसतं बसून राहणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात. गाडी चुकली असेल, नाहीतर घरी भांडण झालं असेल, असा त्यांचा हिशेब. लोकलच्या स्टेशनवर माणूस येतो तोच मुळी निघायला. इंडिकेटरवर स्लो की फास्ट ते बघायचं, किती डब्यांची आहे ते ताडायचं आणि आपला डबा जिथं येतो तिथं जाऊन उभं राहायचं. मी मात्र संध्याकाळी कामावरून सुटलो की एखाददुसरी डोंबिवली सोडून देतो. गर्दी ओसरू दे म्हटलं, असं घरी सांगतो. संध्याकाळची गर्दी ओसरत नसते हे घरच्यांनाही ठाऊक आहे, पण ते काही बोलत नाहीत.

बसतो तो स्टेशनच्या इमारतीसाठी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली, त्या दिवसाचं वर्णन शाळेत सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं: १४ डबे, ४०० पाहुणे, २१ तोफांची सलामी आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. त्या गाडीच्या वाटेवर भायखळा होतं. तेव्हा इथलं स्टेशन लाकडी होतं. आज उभी आहे ती दगडी इमारत १८५७ मध्ये पुरी झाली. देशात अजून वापरात असलेल्या सगळ्यांत जुन्या स्टेशन-इमारतींमध्ये तिचं नाव घेतात. पुढं शेजारी राणीची बाग आली, म्युझियम आलं, गिरण्यांची भोंग्यांवर चालणारी वस्ती आली. त्या गिरण्याही गेल्या. स्टेशन आपलं जागच्या जागी.

मी नवा नवा मुंबईत आलो तेव्हा ही इमारत जुनी आहे हे कळायचंही नाही. रंगावर रंग चढलेले, वायरींचे गुंते, पत्रे, पाट्या. २०१९ मध्ये दुरुस्तीचं काम निघालं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षांचे रंगाचे थर काढले गेले आणि रोज ज्याला पाठ टेकत होतो त्या भिंतीचा खरा चेहरा दिसला. २०२२ च्या एप्रिलमध्ये काम पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा वारसा-जतन पुरस्कारही मिळाला. कोरोनाच्या टाळेबंदीतले महिने सोडले तर एवढा सगळा काळ गाड्या चालू होत्या. दुखणेकऱ्याला सुट्टी नाही. औषधपाणीही चालत्या कामातच झालं.

तर मी बाकड्यावर बसतो, हातात चहा असतो. लांब पल्ल्याची एखादी मेल इथं न थांबता निघून जाते. ती दिसायच्या आधी चहाला कळते. आधी मधोमध एक बारीक सुरकुती उठते, मग कडेपर्यंत वर्तुळं धावतात, तोवर बाकडं मांडीखाली बोलायला लागतं. खांबाला हात लावला तर लोखंडातून चढत गेलेली थरथर मनगटात येते. मग आवाज, वारा, डबे, आणि शेवटच्या डब्यामागं कागदाचे कपटे धावत जातात. वर्तुळं विरतात. कोणी मोबाइलमधून मान वर केलेली नसते. दिवसभरात असं किती वेळा होत असेल, आणि भिंत १८५७ पासून ते सोसते आहे.

हे मी एवढं का बघतो, ते मुंबईच्या मित्रांना सांगून कळत नाही. माझं गाव माकणी, धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातलं, तेरणेवर निम्न तेरणेचं धरण आहे ते. गावाला रेल्वे नाही. वडील मुंबईला यायचे ते एस्टीनं लातूर गाठून, तिथून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत कुर्डुवाडीला, आणि मग मोठी गाडी. ती छोटी गाडी लातूरला १९११ मध्ये आली होती. रूळ रुंद झाले आणि धाराशिव शहरात गाडी आली तेव्हा २००७-०८ साल उजाडलं होतं. म्हणजे आमच्याकडं जमीन हलली की गाडी आली, असा अर्थ लावायची सवय कोणालाच नव्हती. जमीन हलण्याचा आमच्याकडं एकच अर्थ होता.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं थकून झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. किल्लारी, सास्तूर ही आमची शेजारगावं. हजारो माणसं गेली. ती भूकंपानं गेली म्हणतात, पण डोक्यावर आली ती घरं. हात-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती, दोन्ही तोंडांना दगड, मधे भरड आणि माती. वर माळवद, दर पावसाळ्याआधी नवी माती टाकून जड होत गेलेलं. उन्हाळ्यात त्या घरांसारखा गारवा नाही. पण भिंतीची दोन तोंडं एकमेकांना धरून ठेवणारे आडवे लांब दगड बहुतेक घरांत नव्हतेच. धक्का बसला तशी भिंत मधून फाकली आणि माळवद खाली बसलं.

त्यानंतर आमच्याकडं दगडाची दहशत बसली. लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहिले, उन्हाळ्यात भाजले, पावसात कानठळ्या बसल्या, पण दगडाखाली झोपायला तयार नव्हते. पडलेल्या घरांचे दगड शेताच्या बांधाला गेले.

आई पहिल्यांदा मुंबईला आली तेव्हा तिला मी हौसेनं इथं आणलं, माझं कामाचं ठिकाण दाखवायला. भिंतीला टेकून ती पायरीवर बसली. मेल आली. आई ताडकन उठली, माझं मनगट धरलं आणि मोकळ्या जागेकडं ओढायला लागली.

"आरं, हलतंय की!"

"गाडी हाय, आई."

तिचा विश्वास बसेना. गाडी गेली तरी ती भिंतीकडंच बघत उभी. मग जवळ गेली, तळवा टेकवला, दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवलं. गवंड्याकडून काम करून घेतलेल्या बाईची ती नजर होती. पुढची लोकल येईस्तोवर ती तशीच थांबली, हात काढला नाही. म्हणाली, "कवापासनं हाय ही?" मी साल सांगितलं. सालाशी तिला काही देणंघेणं नव्हतं. "दगूड चांगला बसीवलाय," एवढंच बोलली.

तेव्हापासून मला ही इमारत तिच्या हातानं दिसते. आम्ही इतकी वर्षं दगडाला शिव्या घातल्या. दोष दगडाचा नव्हता, तो बसवताना राहून गेलेल्या आडव्या दगडांचा आणि वर चढत गेलेल्या मातीचा होता. आणि पुढं बघणाराही कोणी लागतो. आमच्या घरांच्या भिंतीला पोट आलं की आम्ही शेणानं सारवून घ्यायचो. भायखळ्याची भिंतही अशीच रंगानं सारवत ठेवली होती. वेळीच कोणीतरी रंग खरवडून आत काय आहे ते बघितलं.

यंदा गावी अंगणाला भिंत घालायची आहे. बांधावर जुन्या घराचे दगड पडून आहेत, तेच लावू म्हटलं, गवंडी नीट बघून घेऊ, दर थोड्या अंतरावर आरपार लांब दगड टाकायला लावू. फोनवर आईला सगळं भायखळ्यासकट समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"घाल की," म्हणाली, "पर कंबरंइतकीच घाल. पडली तर पायावर पडंल."