जुने शरीर, नवे भिंग

‘आता तुम्ही फुल-फ्रेम घ्याच!’ असा उपदेश माझे छायाचित्रप्रेमी मित्र गेली दोन वर्षे मला करीत आहेत. उपदेशास पैसे पडत नाहीत. कॅमेऱ्यास मात्र भिंगासकट लाखाहून अधिक पडतात, आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापकास हा भेद विसरून चालत नाही.

तथापि मोह मलाही होताच, आणि त्याचे कारण नृसिंहवाडीच्या घाटावर होते. दर पौर्णिमेस मी आईला घेऊन वाडीस जातो. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर तिन्हीसांजा उतरल्या, की ती पायरीवर बसून द्रोणातला दिवा पाण्यावर सोडते. गाभाऱ्याकडे कॅमेरा वळवायचा नाही, हा माझा स्वतःचा नियम. परंतु त्या इवल्या उजेडातला आईचा चेहरा मला हवा असे. दर वेळी तो उमटे तो रवाळ, जणू वर कोणी रांगोळी सांडली आहे. दोष अर्थातच मी कॅमेऱ्याच्या माथी मारीत असे.

तक्रार अगदीच निराधार नव्हती. फुल-फ्रेममधील प्रकाशग्राही पट्टी ३६ × २४ मिलिमीटरची असते. सिनेमाची फिल्म आडवी धावविणाऱ्या लायका कॅमेऱ्याने १९२५ साली हे माप रूढ केले. माझ्या कॅमेऱ्यातील पट्टी सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने निम्म्याहूनही कमी. पावसात परात ठेवणाऱ्यास वाटी ठेवणाऱ्यापेक्षा अधिक पाणी मिळायचेच!

अखेर मार्गशीर्षात एका मित्राने आपला फुल-फ्रेम मला एका संध्याकाळपुरता दिला. चित्र अप्रतिम उमटले. घरी येऊन मी ते मोठे करून पाहू लागलो. आईच्या चेहऱ्यावरची सुरकुतीन् सुरकुती स्पष्ट होती. मग नजर खाली गेली. तिचा डावा हात पायरीची कड चाचपडत होता. पाणी कोठे सुरू होते, हे ती डोळ्यांनी नव्हे, बोटांनी पाहत होती.

मी घाईने गतवर्षीची चित्रे काढली. त्या रवाळ काळोखातही तोच हात तसाच कडेवर चाचपडत होता! वाटीतही ते सारे होते. मीच पाहिले नव्हते. वर्षभर मी आईच्या चेहऱ्यातले रवे मोजीत होतो, आणि तिचे डोळे मंदावत होते.

डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचे सांगितले. ‘आधी का बोलली नाहीस?’ असे विचारता आई म्हणाली, ‘अरे, मला वाटले, संध्याकाळच हल्ली लवकर होते.’

कॅमेऱ्यासाठी जमविलेले पैसे कोठे गेले, हे सांगणे नलगे. परंतु हौसही सर्वस्वी मेली नाही. मी पुन्हा हिशेब मांडला. ५० मिलिमीटरवर माझे जुने भिंग ५.६ इतकेच उघडत असे, १.८ पर्यंत उघडणारे साधे भिंग त्याच्या नऊपटींहून अधिक प्रकाश आत घेते, आणि किंमत नव्या कॅमेऱ्याच्या अल्पांशात. उलट फुल-फ्रेम घेतला असता, तर लहान पट्टीसाठी घडविलेली माझी भिंगे त्याची चौकट पुरती व्यापू शकली नसती. तीही बदलावी लागली असती. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडविला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्याच जिल्ह्यात बसून हातच्या साधनाला नावे ठेवण्याची मला लाजही वाटली.

छायाचित्रकारांच्या बोलीत कॅमेऱ्याला ‘बॉडी’, म्हणजे शरीर, म्हणतात. आमच्या घरी त्या महिन्यात दोन्ही शरीरे जुनीच राहिली, भिंगे तेवढी नवी आली.

दोन्ही डोळे बरे झाल्यावरच्या पौर्णिमेस आम्ही वाडीस गेलो. आईने कड न चाचपडता द्रोण पाण्यावर ठेवला, तो दूर जाईपर्यंत पाहिला, आणि मग माझ्याकडे वळून ती चकित होऊन म्हणाली, ‘अरे, किती पिकलास रे तू!’

नवे भिंग डोळ्याशी होते. कळ दाबायचे मात्र राहूनच गेले.