मोगोकचे पेनाइट : दुर्मीळता आणि मोल

ब्रह्मदेशातील मंडाले नगरीच्या उत्तरेस सुमारे २०० किलोमीटरवर, हिरव्या डोंगरांच्या वेढ्यात मोगोक हे गाव वसले आहे. माणकांची भूमी म्हणून त्याची कीर्ती शतकानुशतके आहे. गावाच्या मध्यभागी दिसणारे शांत तळे मूळचे तळे नव्हे. इंग्रजी अमदानीतील खाणीत पाणी भरून ते झाले. येथील बाजारात पितळी ताटांत खडे मांडले जातात आणि पारख होते ती सूर्यप्रकाशात. खाणवाल्यांनी टाकून दिलेल्या वाळूत खडे वेचण्याचा हक्क परंपरेने गावातील स्त्रियांचा. अनेक घरांची चूल त्या वेचणीवर पेटते.

याच परिसरातून आर्थर पेन या इंग्रज रत्नसंग्राहकाच्या हाती १.७ ग्रॅम वजनाचा एक गडद तांबडा स्फटिक आला. १९५४ मध्ये तो ब्रिटिश म्युझियमला मिळाला. तपासाअंती ते अज्ञात खनिज ठरले आणि १९५७ मध्ये त्याला ‘पेनाइट’ हे नाव देण्यात आले. कॅल्शियम, झिर्कोनियम व अॅल्युमिनियम यांचे हे बोरेट होय. झिर्कोनियम आणि बोरॉन निसर्गात सहसा एकत्र नांदत नाहीत. दुर्मीळतेचे मर्म येथेच आहे.

माणकाच्या गावात याची ओळख पटवावी कशी? विशिष्ट गुरुत्व दोहोंचे जवळपास सारखेच, सुमारे ४. म्हणजे केवळ तोलून निर्णय होत नाही. परंतु माणकाचे काठिण्य ९, तर पेनाइटचे ८. माणकाचा अपवर्तनांक १.७६ ते १.७७ च्या आसपास असतो, पेनाइटचा १.७९ ते १.८२. शिवाय स्फटिकाच्या अक्षाच्या दिशेने पाहता तो माणकासारखा लाल दिसतो आणि आडव्या दिशेने फिकट तपकिरी-नारिंगी. अंतिम निर्णय मात्र प्रयोगशाळेतील वर्णपट परीक्षेनेच व्हावा.

मोलाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कित्येक दशके जगाला दोन-तीनच स्फटिक ठाऊक होते. २००५ मध्ये गिनेस बुकाने पेनाइटला जगातील सर्वांत दुर्मीळ रत्नखनिज म्हटले. त्याच सुमारास मोगोक परिसरात त्याची मूळ स्थाने सापडली आणि नंतर हजारो स्फटिक व तुकडे बाहेर आले. त्यांतील बहुतेक काळपट, अपारदर्शक व भेगाळलेले. पैलू पाडण्याजोगा स्वच्छ खडा आजही विरळाच. म्हणून ‘जगातील सर्वांत दुर्मीळ रत्न’ एवढ्या शब्दांवर भाव ठरवणे धोक्याचे. पारदर्शकता, रंग, वजन आणि विश्वसनीय प्रमाणपत्र या चार गोष्टी आधी पाहाव्यात. शिवाय हा संग्राहकांचा माल आहे. माणकाला रोज गिऱ्हाईक मिळते. पेनाइट विकताना योग्य संग्राहकाची वाट पाहावी लागते.

दिल्लीत खिलजी सुलतानांच्या कोषागाराशी निगडित असलेल्या ठक्कुर फेरू या जैन श्रावकाने १३१५ मध्ये रत्नपरीक्षेवर प्राकृतात ग्रंथ रचला. रत्नाचे गुण, दोष आणि मोल यांचा विचार एकत्र करण्याची शिस्त आपल्या व्यापारी परंपरेत इतकी जुनी आहे. आज त्या शिस्तीत आणखी एक प्रश्न मिळवावा लागेल. २०२४ च्या जुलैमध्ये मोगोक सशस्त्र संघर्षात सापडले. खडा कोणत्या हातांतून आला आणि त्याच्या पैशाने काय पोसले गेले, हे विचारल्याविना केलेली पारख अपुरीच होय. भिंगातून खड्यातील दोष दिसतो. व्यवहारातील दोष पाहण्याचे काम विवेकाचे.