विवरातली मावळत

रमजानमध्ये मालेगावहून लोणारला गेलो, मावळतीचे फोटो काढायला. बसाल्ट खडकात उल्कापाताने झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, तळाशी खारं पाणी, काठाला पडकी मंदिरं. सोबत गावातलाच गाइड. कोणत्या खांबावर केव्हा तिरपं ऊन येतं, त्याला पाठ.

तळाशी असतानाच सूर्य कड्याआड गेला. गाइडने पाण्याची बाटली पुढे केली. "भाऊ, बुडाला सूर्य. सोडा रोजा."

घशाला कोरड पडली होती. पण कड्याआड गेलेला सूर्य म्हणजे मगरीब नव्हे.

"अजून नाही, भाऊ. वर चला."

तो निमूट निघाला. स्वतःही पाणी प्यायला नाही.

धापा टाकत वर आलो, तर तिथे ऊन होतंच. खाली विवर अंधारलेलं, समोरच्या काठावर तांबडं बिंब. जेमतेम तीन फोटो मिळाले आणि सूर्य बुडाला.

"आता?" त्याने विचारलं.

"आता."

एक खजूर त्याला दिला, एक मी खाल्ला. कॅमेरा त्याच्या हाती देऊन नमाजला उभा राहिलो. आभाळाला खरा रंग चढला तेव्हा मी सजद्यात होतो. त्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो त्याने काढलेला आहे.