डेन्मार्क : मत माणसाला, गाईला नव्हे

वाचकहो, घरात मुलांच्या अभ्यासाचा नकाशा असेल तर तो काढा आणि युरोपात जर्मनीच्या वर बोट ठेवा. उत्तरेकडे समुद्रात घुसलेला जमिनीचा एक लांबट तुकडा आणि त्याच्या पूर्वेला विखुरलेली चारशेवर लहानमोठी बेटे दिसतील. हाच डेन्मार्क देश. क्षेत्रफळ सुमारे 43 हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा जेमतेम सातवा हिस्सा. लोकसंख्या सुमारे 60 लाख. 2011 च्या शिरगणतीत आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्यात 61 लाख माणसे मोजली गेली होती, यावरून अंदाज करा.

या देशात डोंगर नाही. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून अवघी 171 मीटर. कोळशाच्या, लोखंडाच्या मोठ्या खाणी नाहीत. हिवाळ्यात दिवस सात तासांचा. तरीही हा देश जगातल्या सधन देशांत गणला जातो. हे कसे घडले, ते शेतकऱ्याने तरी समजून घेण्यासारखे आहे, कारण त्याची सुरुवात गोठ्यातून झाली.

राजा आहे, पण राज्य लोकांचे

राजधानी कोपनहेगन ही पूर्वेच्या झीलंड बेटावर आहे. डेन्मार्कला आजही राजा आहे. राणी मार्गारेट यांनी 1972 पासून 52 वर्षे गादी सांभाळली आणि 14 जानेवारी 2024 रोजी आपण होऊन ती मुलाच्या स्वाधीन केली. ते आताचे राजे फ्रेडरिक दहावे. राजा कायद्यावर सही करतो, कारभार मात्र लोकांनी निवडलेले सरकार करते.

पहिली लोकशाही घटना 1849 ची, आजची 1953 ची. त्या वर्षी वरिष्ठ सभागृह रद्द झाले. आता ‘फोल्केटिंग’ नावाचे एकच सभागृह आहे. त्यात 179 सभासद असतात : 175 डेन्मार्कचे, दोन ग्रीनलंडचे आणि दोन फेरो बेटांचे, कारण हे दोन्ही प्रदेश याच राज्यात मोडतात आणि त्यांना स्वशासन आहे. मुदत चार वर्षांची. स्त्रियांना 1915 मध्ये मताचा अधिकार मिळाला. शंभरात दोन मते मिळवणाऱ्या पक्षालाही सभागृहात जागा मिळते. त्यामुळे गेल्या शंभरावर वर्षांत एकाही पक्षाला एकट्याने बहुमत मिळालेले नाही. चार पक्षांनी एकत्र बसून तोडगा काढायचा, ही तिथली रीतच झाली आहे. शाळा, म्हाताऱ्यांची देखभाल ही कामे 98 नगरपालिका पाहतात.

कर मात्र भारी. बाजारात घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक वस्तूवर शेकडा 25 कर, शिवाय मिळकतीवर वेगळा. त्याच्या मोबदल्यात दवाखाना आणि विद्यापीठापर्यंतचे शिक्षण यांचा खर्च सरकार करते.

नाणे क्रोन. डेन्मार्क 1973 मध्ये युरोपच्या सामायिक बाजारपेठेत गेला, पण 2000 साली लोकांनी मत देऊन युरो हे चलन नाकारले. आज देशाचा पैसा येतो तो औषधे, जहाजवाहतूक आणि पवनचक्क्या यांतून. मधुमेहाचे इन्शुलिन करणारी नोव्हो नॉर्डिस्क, जहाजांची मर्स्क आणि पवनचक्क्यांची वेस्टास या कंपन्या तिथल्याच. देशातली निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यावर तयार होते. शेतीत राबणारी माणसे शंभरात दोन-तीनच, पण जमिनीचा जवळपास तीन-पंचमांश भाग आजही नांगराखाली आहे.

पश्चिमेकडे जाताना

कोपनहेगनहून पश्चिमेला निघालात तर वाटेत ग्रेट बेल्ट नावाची खाडी लागते. तिच्यावरून जाणारा 18 किलोमीटरचा मार्ग 1998 साली मोटारींना खुला झाला. मग फ्यून बेट आणि त्यापुढे जटलंड. याच जटलंडच्या पश्चिमेला जमीन हलकी, वाळूची आणि वारा झोंबणारा. आपल्या गोष्टीचे गाव इथेच आहे.

1864 च्या लढाईत प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी डेन्मार्कचा पराभव केला आणि दक्षिणेकडचा मोठा, सुपीक मुलूख गेला. उरलेल्या जमिनीचेच सोने करायचे म्हणून 1866 मध्ये एन्रिको दालगास यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. तिने जटलंडच्या पडीक माळावर झाडांचे पट्टे उभे केले आणि चुनखडीयुक्त माती टाकून माळ लागवडीखाली आणले.

तेवढ्यात दुसरे संकट आले. 1870 नंतर आगगाडी आणि आगबोटींमुळे अमेरिका व रशियाचे स्वस्त धान्य युरोपात येऊन पडू लागले. गव्हाचे भाव कोसळले. शेजारच्या देशांनी जकात बसवून धान्य अडवले. डेन्मार्कच्या शेतकऱ्याने वेगळा विचार केला. धान्य स्वस्त आहे ना, मग ते विकत घेऊन जनावरांना घालू आणि लोणी विकू!

पण अडचण अशी, की चार गाईवाल्याच्या घरच्या लोण्याला जमीनदाराच्या लोण्याइतका भाव नव्हता. तेव्हा नुकतेच मलई काढण्याचे फिरते यंत्र निघाले होते. ते एकट्याला परवडणारे नव्हते. 1882 साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंग गावच्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन डेअरी काढली. कर्जाला सगळे मिळून जामीन राहिले. दूध दुसरीकडे घालायचे नाही, असा करार केला. नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा, पण सभेत मत माणशी एकच. शंभर गाईवाल्यालाही एक आणि दोन गाईवाल्यालाही एक. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा डेअऱ्या हजारावर गेल्या होत्या. ती येडिंगची डेअरी आज जपून ठेवली आहे.

पुढचा हिशेब पाहा. मलई काढलेले दूध सभासदाला परत मिळे, ते डुकरांना घातले जाई. 1887 मध्ये जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले, तर त्याच वर्षी हॉर्सेन्सला शेतकऱ्यांनी स्वतःचा सहकारी कत्तलखाना काढला आणि इंग्लंडला मांस पाठवले. 1895 मध्ये अंड्यांची संस्था निघाली. प्रत्येक अंड्यावर गटाचा आणि सभासदाचा शिक्का असे. अंडे खराब निघाले तर ते कोणाचे, हे लगेच कळे.

ही शिस्त आली कुठून? ग्रुंटव्हिग नावाच्या धर्मोपदेशकांच्या विचारातून 1844 पासून खेड्यातल्या तरुणांसाठी लोकशाळा निघाल्या होत्या. मुले हिवाळ्यात तिथे राहून शिकत. परीक्षा नाही, पदवी नाही. इतिहास, भाषा, गाणी आणि सभेत उठून बोलणे. सभेत हिशेब विचारायला न भिणारा सभासद या शाळांनी तयार केला.

आजचे चित्र

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर डेन्मार्कमध्ये दोन लाखांवर शेते होती, आज सुमारे तीस हजार उरली आहेत. दूध उत्पादक तीन हजारांच्या आत आले आणि एकेकाच्या गोठ्यात सरासरी दोनशेवर गाई आहेत. गावोगावच्या डेअऱ्या एकमेकींत मिसळत गेल्या. 2000 साली डेन्मार्क आणि स्वीडनच्या संस्था एक होऊन ‘आर्ला’ झाली. मालक अजून शेतकरीच, पण आता ते अनेक देशांत पसरलेले. शेत वाढवायला अनेकांनी मोठे कर्ज काढले. 2008 नंतर जमिनीचे भाव उतरले तेव्हा कित्येकांचे दिवाळे निघाले.

जमिनीवरही ताण आला. देशात माणसांच्या जवळपास दुप्पट डुकरे आहेत. शेणखत आणि रासायनिक खतातले नत्र ओढ्यांतून खाड्यांत उतरते, तिथला प्राणवायू कमी होतो आणि मासे मरतात. म्हणून 1987 पासून खतावर कायद्याने बंधने आली. 2024 साली सरकार आणि शेतकरी संघटनांनी एकत्र बसून, 2030 पासून जनावरांच्या वायूवर कर लावायचे ठरवले.

म्हणजे पाहा, संस्था टिकली, भरभराटीला आली, पण लहान शेतकरी कमी झाला. सहकाराने त्याला भाव मिळवून दिला. त्याचे शेत त्याच्याकडेच राहील, याची हमी काही सहकाराला देता आली नाही.

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, तिथले यंत्र किंवा गाईची जात इथे आणून आपण डेन्मार्क होणार नाही. तिथले हवामान वेगळे, आपले वेगळे. पण हलक्या जमिनीच्या, हरलेल्या मुलखातल्या अल्पशिक्षित शेतकऱ्यांनी दूध मोजून घेतले, हिशेब उघडा ठेवला आणि लहान सभासदाच्या मताची किंमत मोठ्याइतकीच धरली. हे करायला पाऊसपाणी आड येत नाही. आपल्या दूध संस्थेची वार्षिक सभा येईल तेव्हा अहवालावर नुसती सही करून घरी येऊ नका. ताळेबंद वाचा. घरातल्या ज्या बाईच्या हातून गुरे सांभाळली जातात, तिचे नाव सभासदांच्या यादीत आहे का, तेही पाहा. आणि गेल्या दहा वर्षांत आपल्या संस्थेचे किती लहान सभासद गळाले, हा प्रश्न सभेत एकदा उभे राहून जरूर विचारा.