ठेंगण्या डोंगराचा फोटो

मुलांनो, डोंगराचा फोटो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? बर्फाचा हिमालय, नाहीतर ढगांत घुसलेला सह्याद्रीचा कडा. कॅलेंडरवर तेच असतात ना! आमच्या जळकोटची मुलं तर सरळ विचारतात, "सर, आपल्याकडं कुठं डोंगर हायेत?" पाठीमागे बालाघाट उभा असतो आणि तोंडावर हा प्रश्न!

सह्याद्रीतून हरिश्चंद्रगडाकडून निघालेली ही रांग गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांच्या मधून आग्नेयेकडे सरकत बीड, धाराशिव, लातूरपर्यंत येते. जळकोट लातूर जिल्ह्याच्या ईशान्य कडेला, नांदेड जिल्ह्याला खेटून. इथवर येता येता डोंगर पार ठेंगणे झालेले. माथा सपाट, बाजू पायऱ्यापायऱ्यांची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हारस पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला. असे थरांवर थर साचले. काळा कठीण थर टिकून राहतो, मऊ मुरमाड थर झिजतो, म्हणून पायरी तयार होते. शास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द जिन्यासाठीच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. म्हणजे तुमच्या गावाबाहेर एक अजस्र जिनाच आहे म्हणा!

पण हा जिना भर दुपारी फोटोत येत नाही. का? घरी एक गंमत करून बघा. रात्री गोधडी चुरगाळून जमिनीवर टाका. दिवा घालवा आणि बॅटरी तिच्या बरोबर वर धरा. गोधडी सपाट दिसेल. आता बॅटरी जमिनीलगत, बाजूला धरा. एकेक सुरकुती उठून दिसेल! उंच कड्याला कसाही उजेड चालून जातो, कारण त्याचा आकारच दांडगा. ठेंगण्या डोंगराला तिरपा उजेडच हवा. बालाघाटाच्या पायऱ्या सावलीनेच लिहिलेल्या असतात. सावली गेली की डोंगर नुसता ढिगारा.

आपल्याकडे मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या बुडातच जाते. तेव्हा कॅमेरा बाहेर काढूच नका. उलट डिसेंबरच्या शेवटी दुपारी बारालाही सूर्य जेमतेम ४८ अंशांवर असतो, म्हणून थंडीतली दुपार त्यातल्या त्यात बरी.

उजेड पुरेसा तिरपा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? घड्याळ नको. सपाट जागेवर उभे राहा, सावलीचं डोकं जिथे पडतं तिथे दगड ठेवा, आणि टाचेला पंजा जोडत पावलं मोजा. वीस किंवा जास्त भरली तर सावली तुमच्या उंचीच्या तिप्पट आहे, सूर्य १८ अंशांच्या आसपास किंवा खाली आहे. झालं, कामाला लागा! सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा सव्वा-दीड तास तो. आणि गंमत बघा, शाळा साधारण दहा ते पाच. म्हणजे शाळेत जातो तो सगळा रद्दी उजेड. चांगला उजेड तुमच्याच वाट्याला येतो. शेरडं घेऊन माळावर जाणाऱ्या मुलांच्या तर दोन्ही वेळा.

सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा, असं मोठी माणसं सांगतात. माणसाच्या चेहऱ्याला ते ठीक. डोंगराला मात्र सूर्य तुमच्या खांद्याच्या बाजूला हवा, डाव्या किंवा उजव्या. उदगीर तालुक्यात देवर्जनजवळ हत्तीबेट आहे, कोरीव गुहा असलेला सुटा डोंगर. सहलीला गेलात तर कुठल्या बाजूने पायऱ्या, कपारी स्पष्ट दिसतात ते फिरून पाहा.

आता तुमची नेहमीची तक्रार. "डोळ्यांना डोंगर मोठा दिसतो आणि मोबाइलमध्ये एवढासा!" बरोबर आहे. मोबाइलचं भिंग खूप रुंद दृश्य पकडतं, त्यामुळे लांबचा डोंगर बारीक होतो. बोटांनी ताणून मोठा करू नका, चित्र फिसकटतं. त्यापेक्षा जवळची एखादी चीज चित्रात घ्या. तुरीची ओळ, बाभळीची फांदी, फेब्रुवारी-मार्चमधला फुललेला पळस, डोंगराकडे वळत गेलेली गाडीवाट. वाट तर सर्वांत उत्तम, नजर आपणहून तिच्यावरून चालू लागते. पण एकच चीज. पळसही, मंदिरही, मावशीही आणि वरून चुलतभाऊ, असं नको! काढण्याआधी भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसा. निम्मे धुरकट फोटो बोटाच्या तेलाने झालेले असतात.

डोंगर चित्रात लहान असला तरी चालतो, हे अमेरिकेतल्या अॅन्सेल अॅडम्सकडून शिकावं. १९४१ साली न्यू मेक्सिकोतून मोटारीने जाताना त्याला हर्नांडेझ नावाचं खेडं दिसलं. मागे बर्फाच्छादित डोंगरांची बारीक ओळ, वर चंद्र, आणि दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रूसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. उजेड मोजायचं यंत्र सापडेना! चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्याने फोटो घेतला. दुसरा घेणार, तोवर क्रूसांवरचं ऊन गेलं होतं. तो एकच फोटो जगभर गाजला.

आणखी एक काम फक्त तुम्हीच करू शकता. रस्त्यांना, घरांना मुरूम लागतो, खडी लागते, आणि ती कुठल्या ना कुठल्या डोंगराची कूस पोखरूनच येते. हिमालयाचे फोटो लाखो आहेत. तुमच्या शिवारातल्या टेकडीचा एकही नसेल. ती आज कशी दिसते, हे वीस वर्षांनी कोण सांगणार? म्हणून एक दगड ठरवा. त्यावर उभं राहून आषाढात, दिवाळीत, संक्रांतीला आणि चैत्रात तोच फोटो काढा. वहीत तारीख, वेळ आणि सावलीची पावलं लिहा. खाणीच्या कडेला मात्र जायचं नाही, आणि सूर्याकडे रोखून बघायचं नाही.

सुरुवात कोजागरीच्या आदल्या संध्याकाळपासून करा. त्या दिवशी सूर्य मावळायच्या थोडं आधीच पूर्वेला चंद्र वर येतो, आणि तेवढ्या वेळात समोरच्या डोंगरावर तांबूस ऊन असतं. इथे मात्र सूर्य पाठीशीच घ्यावा लागेल. वेळ थोडाच मिळतो, म्हणून आधीच जाऊन बसा. सोबत मोठं माणूस आणि परतीच्या वाटेसाठी बॅटरी हवीच.