डोळ्यांची खाज आणि पापणीवरची ऊ

बेंगळुरूत मुलांचे डोळे खाजू लागले की घरचे लोक चटकन हवेला दोष देतात. धूळ आणि परागकणांमुळे तिथे ॲलर्जीची तक्रार नेहमीचीच. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे काही दिसले तर आई ते पुसून टाकते, ॲलर्जीचे थेंब घालते. पंधरा दिवस उलटतात, खाज मात्र थांबत नाही.

अशा वेळी नेत्रतज्ज्ञच गाठावा. बेंगळुरूचे सरकारी मिंटो नेत्र रुग्णालय तर शंभर वर्षांहून जुने आहे. डॉक्टर स्लिट लॅम्पखाली पापण्या मोठ्या करून पाहतात, तेव्हा कोंडा वाटलेल्या कणांतून केसांना चिकटलेल्या लिखा दिसतात. तपकिरी ठिपके ही उवांची विष्ठा असते. कन्नडमध्ये उवेला 'हेनु' म्हणतात. डॉक्टरांनी हा शब्द उच्चारताच आईचा चेहरा उतरतो.

ही ऊ सहसा डोक्यातली नसते. खेकड्यासारखी रुंद, जेमतेम १ ते २ मिलिमीटरची ही ऊ मुळात जांघेतल्या विरळ, जाड केसांत राहते. पापण्याही तशाच विरळ, म्हणून तिथे ती सहज तग धरते. मोठ्यांना ती बहुधा शरीरसंबंधातून लागते. मुलांना मात्र लागण झालेल्या आईवडिलांच्या कुशीत झोपल्याने, क्वचित एकाच टॉवेल-पांघरुणामुळेही लागू शकते. तरीही मुलावर अत्याचार झालेला नाही ना, याची खात्री डॉक्टरांना करावीच लागते. त्यांनी काही नाजूक प्रश्न विचारले तर रागावू नये, काही लपवूही नये.

उपचार साधा आहे. डॉक्टर बारीक चिमट्याने उवा आणि लिखा काढतात. डोळ्यांसाठीचे पेट्रोलियम जेलीचे मलम पापण्यांच्या कडांना दिवसातून दोन ते चार वेळा, साधारण १० दिवस लावायला देतात. त्याने उवा गुदमरतात. लिखा ६ ते १० दिवसांत फुटतात, म्हणून खाज थांबली तरी मलम मध्येच सोडू नये. केसांचे उवामार औषध किंवा रॉकेल डोळ्यांजवळ मुळीच नेऊ नये.

घरातल्या सर्वांची तपासणी एकाच वेळी व्हावी. कपडे, चादरी, टॉवेल कडक गरम पाण्यात धुवावेत. धुता न येणाऱ्या वस्तू दोन आठवडे पिशवीत घट्ट बांधून ठेवाव्यात. लाजेपोटी एकाने जरी तपासणी टाळली, तरी मुलाच्या पापण्यांवर उवा पुन्हा येऊ शकतात.